देयकाची अंतिमता आणि व्यापाऱ्याची जोखीम : नोट, क्रेडिट कार्ड आणि आभासी चलन

म्हैसूर, म्हणजे २०१४ पासूनचे अधिकृत मैसुरू, हे शहर राजवाडा, दसरा, रेशीम आणि चंदन यांसाठी सर्वपरिचित आहे. देशाच्या चलनव्यवस्थेतही या शहराला महत्त्वाचे स्थान आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेची पूर्ण मालकी असलेली ‘भारतीय रिझर्व्ह बँक नोट मुद्रण प्रायव्हेट लिमिटेड’ ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली आणि १९९६ मध्ये तिच्या म्हैसूर येथील मुद्रणालयात नोटांची छपाई सुरू झाली. नाशिक आणि देवास येथील जुन्या मुद्रणालयांना म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधील सालबोनी येथील मुद्रणालयांची जोड मिळाली. नोटेसाठी लागणारा कागद देशातच तयार व्हावा या हेतूने २०१० मध्ये स्थापन झालेली कागद गिरणी म्हैसूरलाच आहे. नोटांच्या शाईचे ‘वर्णिका’ हे उत्पादन केंद्रही २०२२ मध्ये याच शहरात राष्ट्राला अर्पण करण्यात आले.

कागद, शाई आणि छपाई यांवर एवढा खर्च आणि एवढी दक्षता कशासाठी, या प्रश्नाचे एक उत्तर सुरक्षा हे आहे. दुसरे उत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. अनोळखी ग्राहकाने पुढे केलेली नोट घेताना दुकानदाराला त्या ग्राहकाची चौकशी करावी लागू नये, यासाठी ही सारी यंत्रणा उभी आहे. खरी नोट हातात आली की व्यवहार संपतो. तीन महिन्यांनंतर कोणी येऊन ती नोट परत मागू शकत नाही. देयकाच्या या गुणधर्माला ‘अंतिमता’ असे म्हणतात. क्रेडिट कार्डाने दिलेल्या पैशाला ही अंतिमता उशिरा प्राप्त होते. बिटकॉइनसारख्या आभासी चलनाचा दावा असा की, ती अंतिमता बँकेच्या मध्यस्थीविनाही मिळू शकते. या तिन्ही साधनांत व्यापाऱ्याच्या वाट्याला कोणती जोखीम येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अंतिमतेच्या पायऱ्या

रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया अधिनियम, १९३४ च्या कलम २२ नुसार नोटा काढण्याचा एकाधिकार रिझर्व्ह बँकेकडे आहे. कलम २६ नुसार या नोटा विधिग्राह्य चलन आहेत. मूल्य देऊन, सद्भावनेने नोट स्वीकारणाऱ्या व्यापाऱ्याचा तिच्यावरील हक्क, ती नोट पूर्वी कधी चोरीला गेली होती या कारणाने बाधित होत नाही. त्याची जोखीम एकच, ती म्हणजे बनावट नोटेची. बँकेत भरलेली बनावट नोट जप्त होते आणि तिचा मोबदला मिळत नाही. कागदातील जलचिन्ह, सुरक्षा धागा आणि विशिष्ट शाई यांचे प्रयोजन ही एकमेव जोखीम कमी करणे हेच आहे.

धनादेशाची स्थिती वेगळी असते. धनादेश म्हणजे पैसा नव्हे, तर पैसा देण्याचा आदेश. तो वटेपर्यंत व्यापारी धनको राहतो. ही जोखीम कमी करण्यासाठी परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ मध्ये १९८८ साली कलम १३८ समाविष्ट करण्यात आले आणि खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने धनादेश न वटणे हा शिक्षापात्र अपराध ठरला.

देशी व्यापारातील हुंडीने तर हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या ‘शाहा’लाच मिळत. पुढे ती हुंडी बनावट किंवा चोरीची निघाली तर पैसे घेणाऱ्या शाहाने ते व्याजासह परत करावेत, अशी रूढी होती. जोखमी हुंडीचे पैसे तर माल सुखरूप पोहोचला तरच देय होत. म्हणजे देयक उलटण्याची शक्यता आणि ती कोणाच्या माथी बसावी याची वाटणी, या दोन्ही गोष्टी संगणकाच्या कितीतरी आधीपासून व्यापाराला ठाऊक होत्या. १८८१ च्या अधिनियमाने पहिल्याच कलमात देशी भाषांतील हुंड्यांविषयीच्या स्थानिक रूढींना बाधा आणली नाही, हेही लक्षणीय आहे.

क्रेडिट कार्ड : उलटण्याची रचना

आधुनिक कार्डाचा प्रारंभ अमेरिकेत १९५० मधील डायनर्स क्लबपासून मानला जातो. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो येथे आपले कार्ड आणले. पुढे त्यातूनच व्हिसा ही जागतिक यंत्रणा विकसित झाली. भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड सुरू केले.

कार्डाच्या व्यवहारात पाच घटक असतात : कार्डधारक, त्याला कार्ड देणारी बँक, कार्ड यंत्रणा, व्यापाऱ्याची बँक आणि व्यापारी. पैसा कार्डधारक स्वतः पाठवत नाही. व्यापारी आपल्या बँकेमार्फत तो मागतो. म्हणजेच ही ‘ओढून घेण्याची’ पद्धत आहे. कार्डाचा क्रमांक ज्याच्या हाती लागेल तो पैसा ओढण्याचा प्रयत्न करू शकतो, हा तिचा मूळ दोष होय. त्यावर उपाय म्हणून ग्राहकाला हरकत घेण्याचा हक्क देण्यात आला. अमेरिकेत १९७० च्या दशकातील कायद्यांनी अनधिकृत वापराबद्दल कार्डधारकाचे दायित्व ५० डॉलरपर्यंत मर्यादित केले, तर १९७४ च्या पतदेयक कायद्याने चुकीच्या आकारणीविरुद्ध ६० दिवसांत तक्रार करण्याचा मार्ग घालून दिला. कार्ड यंत्रणांनी आपल्या नियमांत यापुढे जाऊन ‘चार्जबॅक’, म्हणजे देयक उलटवण्याची पद्धती विकसित केली.

चार्जबॅकचा क्रम असा आहे. ग्राहक आपल्या बँकेकडे तक्रार करतो. बँक ती यंत्रणेमार्फत व्यापाऱ्याच्या बँकेकडे पाठवते. व्यापाऱ्याची बँक ती रक्कम व्यापाऱ्याच्या खात्यातून वळती करून घेते. व्यापाऱ्याला पोच, सहीची पावती, पत्रव्यवहार असा पुरावा सादर करून प्रतिवाद करता येतो. मतभेद कायम राहिल्यास कार्ड यंत्रणा लवाद करते. प्रमुख यंत्रणांच्या नियमांत बहुतेक प्रकारच्या हरकतींसाठी साधारणतः १२० दिवसांची मुदत असते. तोपर्यंत व्यापाऱ्याच्या खात्यात जमा झालेला पैसा हा सशर्त पैसा असतो.

हरकतींचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात. पहिला, कार्डाचा चोरून झालेला वापर. दुसरा, माल न मिळणे, सदोष मिळणे किंवा रक्कम दोनदा आकारली जाणे. तिसरा वर्ग व्यापाऱ्याला सर्वाधिक सलणारा आहे. माल स्वीकारूनही ग्राहक तो मिळालाच नाही, किंवा आपण व्यवहार केलाच नाही, असे सांगतो. या तिसऱ्या वर्गात फसवणूक ग्राहकाची नसून व्यापाऱ्याची होते आणि ती सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच पडतो.

येथे कायद्यातील एक बारकावा परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावा. भरणा व तडजोड प्रणाली अधिनियम, २००७ च्या कलम २३ नुसार प्रणालीतील तडजोड अंतिम व अपरिवर्तनीय असते. ही अंतिमता प्रणालीत सहभागी असलेल्या बँकांच्या परस्पर देण्याघेण्याची आहे. व्यापारी आणि त्याची बँक यांच्यातील करार त्याहून निराळा असतो आणि त्या करारानेच व्यापारी उलटलेल्या रकमेची जबाबदारी स्वीकारतो.

भारतीय नियमनाची दिशा

भारताने या समस्येवर केवळ नुकसानीची वाटणी हा उपाय न योजता मुळात व्यवहाराची खातरजमा बळकट करण्याचा मार्ग स्वीकारला. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्ड व्यवहारांना प्रमाणीकरणाचा अतिरिक्त घटक आवश्यक झाला. मोबाइलवर येणारा एकवेळचा सांकेतिक क्रमांक हे त्याचे सर्वांना परिचित रूप होय. दुकानातील यंत्रावर डेबिट कार्डासाठी पिन अनिवार्य करण्यात आला, चुंबकीय पट्टीच्या जागी चिप आली आणि ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याने कार्डाचा पूर्ण तपशील स्वतःजवळ न ठेवता केवळ ‘टोकन’ ठेवण्याची पद्धत लागू झाली.

याचा व्यापाऱ्याला थेट लाभ होतो. ग्राहकाचे रीतसर प्रमाणीकरण झाले असेल तर चोरीच्या वापराची जबाबदारी सामान्यतः कार्ड देणाऱ्या बँकेकडे सरकते. तथापि, माल मिळाला नाही किंवा सदोष मिळाला, अशा हरकतींना हे संरक्षण लागू होत नाही.

६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ग्राहकाची बाजूही स्पष्ट केली. त्रयस्थाच्या कृत्यामुळे झालेला अनधिकृत व्यवहार बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य, चार ते सात दिवसांत कळवल्यास मर्यादित आणि त्यानंतर बँकेच्या धोरणानुसार, अशी ही विभागणी आहे. तक्रारीनंतर दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करणे आणि ९० दिवसांत निर्णय देणे हे बँकेवर बंधनकारक करण्यात आले.

म्हैसूरसारख्या पर्यटननगरीत मात्र एक खिंड उघडी राहते. दसऱ्यासाठी येणारे परदेशी पाहुणे आणि के. पट्टाभि जोईस यांच्या परंपरेतील अष्टांग योग शिकण्यासाठी महिनोन्महिने मुक्काम करणारे विदेशी विद्यार्थी हे येथील घरगुती निवासस्थाने, दुकाने आणि वर्ग यांचे ग्राहक आहेत. अतिरिक्त प्रमाणीकरणाचा भारतीय नियम भारतात दिलेल्या कार्डांसाठी आहे. परदेशी बँकेच्या कार्डावर घेतलेल्या आगाऊ नोंदणीला तो लागू होत नाही. पाहुणा मायदेशी परतल्यावर हरकत आली, तर सहा-सात हजार किलोमीटरवरील बँकेपुढे आपली बाजू कागदोपत्री मांडणे हे लहान व्यावसायिकाचे काम होऊन बसते.

एक हिशेब

जोखमीचे स्वरूप एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. म्हैसूरचा रेशीम विणकाम कारखाना १९१२ पासूनचा आणि येथील रेशमाला भौगोलिक मानांकनही आहे. समजा, शहरातील एका खाजगी दुकानात रेशमी साडीची किंमत २०,००० रुपये आहे आणि दुकानदाराची खरेदी १७,००० रुपयांची आहे. रोखीच्या विक्रीत त्याला ३,००० रुपये राहतात. क्रेडिट कार्डावर बँकेचा व्यापारी सवलत दर २ टक्के धरला, तर ४०० रुपये वजा जाऊन २,६०० रुपये उरतात. आता एका विक्रीची रक्कम उलटली आणि साडीही परत आली नाही, तर १७,००० रुपयांचे नुकसान होते. ते भरून काढण्यासाठी त्याला आणखी सात साड्या विकाव्या लागतील.

शंभर साड्यांपैकी एकीची रक्कम उलटली, तर ९९ विक्रींचा नफा २,५७,४०० रुपये होतो. त्यातून १७,००० वजा केल्यास २,४०,४०० रुपये उरतात. सर्व विक्री रोखीने झाली असती तर ३,००,००० रुपये उरले असते. ५९,६०० रुपयांच्या या फरकापैकी ३९,६०० रुपये सवलत दराचे आहेत आणि २०,००० रुपये एका उलटलेल्या व्यवहाराचे. उलटलेल्या व्यवहारावरील बँकेचे वेगळे आकार यात धरलेले नाहीत.

या हिशेबातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, उलटणाऱ्या देयकाचा भार एकूण उलाढालीच्या मानाने लहान असला तरी तो सारखा वाटला जात नाही, एकदम कोसळतो. मोठी साखळी दुकाने तो सरासरीत जिरवतात. महिन्याला दहा साड्या विकणाऱ्याला ते शक्य नसते. दुसरा असा की, नफ्याचे प्रमाण जितके कमी तितकी ही जोखीम अधिक जाचक होते. परंतु हिशेबाची एक बाजू येथे अद्याप आलेली नाही. कार्ड घेतल्यामुळे जे ग्राहक आले, ते कार्ड नसते तर आले असते का? हरकत घेण्याचा हक्क असल्यामुळेच अनोळखी शहरातील अनोळखी दुकानातून महाग साडी घेण्याचे धाडस पाहुणा करतो. व्यापाऱ्याला जाचणारी तरतूदच त्याला ग्राहक आणून देते.

आभासी चलनाचा दावा

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्या साखळीचा पहिला ठोकळा, म्हणजे ‘ब्लॉक’, तयार झाला. त्या निबंधाची सुरुवातच प्रस्तुत विषयाने होते, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. मध्यस्थ संस्थेला तंटे सोडवावे लागतात, म्हणून तिच्यामार्फतचे देयक कधीच पूर्णतः अपरिवर्तनीय नसते. देयक उलटू शकते म्हणून व्यापाऱ्याला ग्राहकाकडे साशंकतेने पाहावे लागते आणि गरजेपेक्षा अधिक माहिती मागावी लागते. यावर उपाय म्हणून उलटवणे संगणनाच्या दृष्टीने अव्यवहार्य होईल अशी देयक पद्धती असावी, असा त्या युक्तिवादाचा आशय आहे.

या पद्धतीत पैसा ओढला जात नाही, तर दाता तो स्वतःच्या गुप्त किल्लीने स्वाक्षरी करून ढकलतो. व्यवहार सुमारे दहा मिनिटांना एक या गतीने तयार होणाऱ्या ठोकळ्यांत नोंदवला जातो. प्रत्येक नवा ठोकळा आधीच्या ठोकळ्याशी गणिती पद्धतीने जोडलेला असल्याने, जुनी नोंद बदलायची तर त्यानंतरचे सर्व ठोकळे पुन्हा तयार करावे लागतात. व्यवहारानंतर जितके ठोकळे साचतात तितक्या त्याला ‘पुष्ट्या’ मिळाल्या असे म्हणतात. मूळ निबंधातील गणितानुसार, हल्लेखोराकडे एकूण संगणनशक्तीच्या १० टक्के वाटा असेल तर पाच ठोकळ्यांनंतर नोंद उलटण्याची संभाव्यता एक सहस्रांशाहून कमी होते. वाटा ३० टक्के असेल तर तेवढ्याच खात्रीसाठी २४ ठोकळे लागतात. सहा पुष्ट्यांची, म्हणजे सुमारे एका तासाची, प्रतीक्षा हा व्यवहारात रूढ झालेला संकेत आहे.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. कार्डाची अंतिमता करारातील मुदतीवर अवलंबून असते, तर बिटकॉइनची अंतिमता संभाव्यतेवर. ती कधीच शंभर टक्के नसते, केवळ शंभराच्या अधिकाधिक जवळ जाते.

ही अंतिमता कितपत पक्की?

अनुभव संमिश्र आहे. एकही पुष्टी नसलेला व्यवहार अधिक शुल्काच्या दुसऱ्या व्यवहाराने बदलता येतो. म्हणून गल्ल्यावर उभ्या ग्राहकाला लगेच माल देणारा व्यापारी ‘दुहेरी खर्चा’ची जोखीम पत्करतो. मार्च २०१३ मध्ये संगणक प्रणालीच्या दोन आवृत्त्यांतील विसंगतीमुळे बिटकॉइनची साखळी काही तास दुभंगली. एक शाखा सोडून द्यावी लागली आणि त्या अवधीत सुमारे १०,००० डॉलरचा एक दुहेरी खर्च यशस्वी झाला.

लहान चलनांची स्थिती अधिक नाजूक आहे. निम्म्याहून अधिक संगणनशक्ती भाड्याने मिळवून नोंदी उलटवण्याचे हल्ले मे २०१८ मध्ये बिटकॉइन गोल्डवर, तर जानेवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२० मध्ये इथेरियम क्लासिकवर झाले. त्यांचा फटका मुख्यतः ही चलने स्वीकारून दुसरे मूल्य देणाऱ्या विनिमय केंद्रांना बसला. २०१६ मध्ये ‘द डाओ’ या निधीतून सुमारे ३६ लाख इथर वळवले गेल्यावर इथेरियमच्या समुदायाने नियमांतच बदल करून ती रक्कम परत मिळवली. ज्यांना हा बदल अमान्य होता त्यांची साखळी इथेरियम क्लासिक म्हणून वेगळी झाली. तात्पर्य, मध्यस्थ नसला तरी सामूहिक निर्णयाने इतिहास बदलू शकतो. असा प्रसंग विरळा असतो आणि एका दुकानदाराच्या तक्रारीसाठी तो उद्भवत नाही.

बिटकॉइनच्या मोठ्या साखळीवर पुरेशा पुष्ट्या मिळालेला व्यवहार मात्र सर्वसाधारण ग्राहकाला उलटवता येत नाही. तेवढ्यापुरता मूळ दावा खरा ठरतो.

व्यापाऱ्याच्या नव्या जोखमी

एक जोखीम गेली तरी तिच्या जागी इतर जोखमी येतात. पहिली जोखीम मूल्यातील चढउताराची. उपरोक्त उदाहरणात साडीवरील नफा किमतीच्या १५ टक्के होता. घेतलेल्या आभासी चलनाचे रुपयांत रूपांतर होण्यापूर्वी त्याचा भाव १५ टक्के उतरला, तर सारा नफा नाहीसा होतो. दुसरी जोखीम शुल्क आणि विलंब यांची. डिसेंबर २०१७ मध्ये स्टीम या संगणकीय खेळांच्या विक्री केंद्राने बिटकॉइन घेणे थांबवले. त्या काळात एका व्यवहाराचे शुल्क २० डॉलरच्या आसपास पोहोचले होते. २०१८ मध्ये स्ट्राइप या देयक कंपनीनेही हीच वाट धरली. या दोघांना देयक उलटण्याची भीती नव्हती, तरीही त्यांनी माघार घेतली, हे विशेष होय. एल साल्वाडोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला विधिग्राह्य चलनाचा दर्जा दिला, परंतु जानेवारी २०२५ मधील दुरुस्तीने व्यापाऱ्यांवरील स्वीकाराची सक्ती काढून टाकली.

तिसरी जोखीम कायदा व करांची. भारतात आभासी चलन विधिग्राह्य नाही. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये जनतेला पहिला सावधगिरीचा इशारा दिला. एप्रिल २०१८ मध्ये तिने बँकांना अशा व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली, परंतु ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्दबातल ठरवले. २०२२ च्या वित्त अधिनियमाने आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातील उत्पन्नावर ३० टक्के कर आणि हस्तांतरणाच्या मोबदल्यावर १ टक्का उद्गम कर लावला. तोटा इतर उत्पन्नातून वजा करण्यास मुभा ठेवली नाही. मार्च २०२३ मध्ये या क्षेत्रातील सेवा देणाऱ्यांना आर्थिक अपहार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणण्यात आले. चढउतार होणारी मालमत्ता दुकानदाराने स्वीकारली, तर नफ्यावर कर द्यावा लागतो आणि तोट्याची वजावट मिळत नाही, अशी ही एकतर्फी स्थिती आहे.

न उलटणारे देऊन उलटणारे घेणे

या विषयातील सर्वांत उपयुक्त सूत्र असे मांडता येईल : जोखीम साधनात नसते, ती दोन बाजूंच्या अंतिमतेतील तफावतीत असते. साडी दिली की ती ग्राहकाकडे गेली. तिच्या बदल्यात आलेला पैसा १२० दिवस उलटू शकत असेल, तर दुकानदाराने न उलटणारी वस्तू देऊन उलटणारे देयक घेतले असे होते. माल जितका सहज विकता येण्याजोगा, तितकी ही तफावत घातक. म्हणून सोने, भेटकार्डे आणि आभासी चलन यांची विक्री कार्डावर करणारे नेहमी अधिक सावध असतात.

आभासी चलन थेट व्यक्तींना विकणाऱ्यांचा अनुभव या सूत्राची खात्री पटवतो. विक्रेता चलन पाठवतो आणि ते परत येत नाही. खरेदीदाराने दिलेले पैसे सायबर फसवणुकीतून आलेले असतील तर राष्ट्रीय मदत क्रमांक १९३० वरील तक्रारीनंतर पैशांचा माग काढला जातो आणि ती रक्कम, प्रसंगी खातेही, गोठवले जाते. मूळ बळीच्या दृष्टीने ही व्यवस्था अत्यावश्यक आहे. पण सद्भावनेने पैसे घेणाऱ्याच्या दृष्टीने ती देयक उलटण्याचाच एक प्रकार ठरते. आभासी चलन अपरिवर्तनीय असूनही त्याच्या व्यापारातील जोखीम संपलेली नाही, याचे कारण समोरच्या हातातला रुपया अद्याप उलटू शकतो.

मधला मार्ग

एप्रिल २०१६ मध्ये भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने आणलेली यूपीआय पद्धती ही सामान्यतः ‘ढकलण्याची’ पद्धती आहे. ग्राहक स्वतः पिन टाकून पैसा पाठवतो, त्यामुळे क्रमांक चोरून पैसा ओढण्याचा मार्ग अरुंद होतो. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर व्यापारी सवलत दर शून्य ठेवण्यात आला. फसलेल्या व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये कालमर्यादा घालून दिली. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले परंतु व्यापाऱ्याला पोहोचले नाहीत, तर पाच दिवसांत ते आपोआप परत यावेत, अन्यथा दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असा तो नियम आहे. येथे तांत्रिक अपयशाचा प्रश्न आणि मालाविषयीच्या तंट्याचा प्रश्न वेगवेगळे केले आहेत, ही या रचनेची जमेची बाजू होय.

१ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई, नवी दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वर येथे किरकोळ ई-रुपीचा प्रायोगिक प्रारंभ झाला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन बँक नोटेच्या व्याख्येत डिजिटल रूपाचा समावेश करण्यात आला होता. ई-रुपी हे रिझर्व्ह बँकेचे थेट दायित्व आणि विधिग्राह्य चलन आहे. म्हैसूरच्या मुद्रणालयातून निघणाऱ्या नोटेची अंतिमता विजेच्या गतीने मिळावी आणि भाव मात्र रुपयाचाच राहावा, हा त्यामागील विचार आहे.

समारोप

देयक उलटणार नाही याचा अर्थ तंटा उद्भवणार नाही असा होत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष वस्तूबद्दलची व्यापाऱ्याची जबाबदारी रोख, कार्ड किंवा अन्य कोणत्याही साधनाने पैसे आले तरी कायम राहते. साधन बदलल्याने एवढेच बदलते की, तंटा चालू असताना पैसा कोणाच्या ताब्यात राहील आणि दाद मागण्यासाठी कोणाला धावपळ करावी लागेल. कार्डात ही धावपळ व्यापाऱ्याची असते. रोखीत आणि आभासी चलनात ती ग्राहकाची असते. एकाची जोखीम वजा केली की ती दुसऱ्याच्या खात्यात जमा होते.

म्हणून धोरणाचा प्रश्न ‘उलटणारे देयक चांगले की न उलटणारे’ असा न विचारता, ‘नुकसान टाळण्याची आणि सोसण्याची अधिक क्षमता कोणाकडे आहे’ असा विचारला पाहिजे. चोरलेले कार्ड ओळखण्याची साधने बँकेकडे आहेत, म्हणून ती जोखीम बँकेने घ्यावी. माल योग्य देणे व्यापाऱ्याच्या हाती आहे, म्हणून त्या त्रुटीची जबाबदारी त्याची. खोटी हरकत न घेणे ग्राहकाच्या हाती आहे, तेव्हा तसे करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली पाहिजे. आजच्या व्यवस्थेत पहिल्या दोन तत्त्वांना पुरेसा आधार मिळाला आहे. तिसऱ्या तत्त्वाची अंमलबजावणी दुबळी आहे आणि तिची झळ लहान दुकानदाराला अधिक लागते. पावत्या व पोचेचा पुरावा जपून ठेवणे, मोठ्या रकमेच्या आगाऊ नोंदणीसाठी प्रमाणीकरण झालेलेच देयक घेणे आणि माल परत घेण्याच्या अटी आधीच लेखी सांगणे हे उपाय त्याच्या हाती आहेत. तंटे लवकर व कमी खर्चात सुटतील अशी यंत्रणा उभारणे हे मात्र बँका आणि नियामक यांचे कर्तव्य आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. देयकाची अंतिमता म्हणजे काय? रोख, धनादेश आणि क्रेडिट कार्ड यांच्या संदर्भात स्पष्ट करा.
२. भरणा व तडजोड प्रणाली अधिनियम, २००७ मधील तडजोडीची अंतिमता आणि व्यापाऱ्याला मिळणाऱ्या रकमेची अंतिमता यांतील फरक सांगा.
३. ‘आभासी चलन व्यापाऱ्याची एक जोखीम दूर करते, परंतु अन्य जोखमी निर्माण करते.’ उदाहरणांसह चर्चा करा.
४. पैसा ‘ओढण्याच्या’ आणि ‘ढकलण्याच्या’ पद्धतींतील फरक सांगून यूपीआयचे मूल्यमापन करा.